बावीस ठिकाणं, चार दिवस: सिडनीला जाण्याआधी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

तुझी यादी मिळाली. बावीस ठिकाणं, चार दिवस, बरोबर आई-बाबा आणि बारा वर्षांचा धाकटा भाऊ. ठिकाणं चुकीची नाहीत, पण यादीत वारच नाहीत, आणि सिडनीत सगळा खेळ वारांचा आहे. गुरुवारी दिवसभराच्या भाड्याची जी कमाल मर्यादा असते, ती शुक्रवारी निम्म्यावर येते. शनिवार-रविवारी रुळांच्या कामासाठी एखादी लाइन बंद असते आणि तिच्या जागी बस धावते. दुकानं बहुतेक दिवशी संध्याकाळी सहाच्या आत शटर ओढतात, गुरुवारी मात्र रात्री नऊपर्यंत उघडी असतात. म्हणून विमान असं घे की तू गुरुवारी सकाळी उतरशील आणि सोमवारी परत निघशील. बाकीचं त्यावर बसवू.

आधी तिकिटाचं. लोकल, मेट्रो, बस, ट्राम आणि सरकारी फेरी या सगळ्यांना ओपल नावाची एकच व्यवस्था चालते. चढताना कार्ड टेकवायचं, उतरताना पुन्हा टेकवायचं. मोठ्या माणसाचे दिवसाचे पैसे एका मर्यादेपर्यंतच कापले जातात, त्यापुढचे प्रवास फुकट. ही मर्यादा सोमवार ते गुरुवार साधारण १९ ऑस्ट्रेलियन डॉलर. शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सार्वजनिक सुट्टीला त्याच्या निम्मी. वेगळं कार्ड न घेता बँकेचं व्हिसा किंवा मास्टरकार्ड थेट टेकवलं तरी चालतं, पण त्यात तीन ठिकाणी लोक फसतात. एक, भारतातल्या कार्डांवर परदेशातला आणि कॉन्टॅक्टलेस वापर बँकेच्या ॲपमधून आधी चालू करावा लागतो. गेटपुढे उभं राहून हे करायची वेळ आणू नकोस. दोन, चढताना फोन आणि उतरताना कार्ड टेकवलंस, तर खातं तेच असलं तरी यंत्राला ती दोन वेगळी माणसं वाटतात आणि दोघांच्याही नावावर सर्वांत जास्त भाडं पडतं. तीन, बँकेचं कार्ड नेहमी मोठ्या माणसाचंच भाडं कापतं. भावासाठी मुलांचं ओपल कार्ड वेगळं घे, त्याचं भाडं निम्मं होईल. आई-बाबांना मात्र वयाची सवलत मिळणार नाही, ती तिथल्या ज्येष्ठांपुरती आहे. आणि एका कार्डावर दोघं जात नाहीत. चौघांना चार हवीत.

विमानतळावरचं स्टेशन हा खिशाला पहिला चिमटा. लोकल तेरा-चौदा मिनिटांत सेंट्रलला, म्हणजे शहरातल्या मुख्य स्टेशनला, पोचवते, पण त्या स्टेशनचं प्रवेशशुल्क माणशी १७-१८ डॉलर आहे, भाड्यावर वेगळं, आणि ते दिवसाच्या मर्यादेत धरत नाहीत. एकट्यादुकट्याने लोकलच घ्यावी. तुम्ही चौघं, सामानासकट. टॅक्सीचा हिशेब जवळपास तेवढाच येईल आणि हॉटेलच्या दारात उतराल. पैसे वाचवायला ४२० क्रमांकाच्या बसने रॉकडेल स्टेशन गाठणारे लोक असतात. रात्रभराच्या प्रवासानंतर, चार बॅगा आणि आईचे गुडघे घेऊन, ते तू करू नकोस.

उतरण्याआधी एक फॉर्म भरावा लागतो. त्यात खाण्याच्या वस्तूंचा प्रश्न येतो, तिथे ‘हो’ लिही. आईने लाडू, चिवडा, मसाले काहीही दिलेलं असो, ‘हो’च. दाखवून जप्त झालं तर फक्त वस्तू जाते, लपवलेलं सापडलं तर दंड बसतो. ताजी फळं, कढीपत्ता, बिया घरीच ठेव. दूध-खव्याची मिठाई नेण्याचा हट्टही नको. बाबांची औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसकट हातातल्या बॅगेत.

गुरुवारी काहीही मोठं ठेवू नकोस. हॉटेलची खोली दुपारी दोन-तीनशिवाय मिळत नाही. सामान काउंटरवर ठेवून सर्क्युलर कीला, म्हणजे बंदरातल्या फेरीच्या धक्क्यावर, जा. ऑपेरा हाउस आणि हार्बर ब्रिज दोन्ही तिथून दिसतात. लांबून ऑपेरा हाउस पांढरंशुभ्र दिसतं. जवळ जाऊन छताकडे बघ: चकचकीत पांढऱ्या आणि मंद सायीच्या रंगाच्या अशा दोन जातींच्या टाइल्स, एकूण दहा लाखांहून जास्त, स्वीडनमध्ये बनवलेल्या. मंद टाइल्सच्या ओळी प्रत्येक पट्ट्याच्या कडेने जातात, म्हणून उन्हात छताला पानासारख्या शिरा दिसतात. योर्न उत्झन या डॅनिश वास्तुकाराने १९५७ मध्ये स्पर्धा जिंकली आणि इमारत उघडली १९७३ मध्ये. मधल्या भांडणांत तो १९६६ लाच काम सोडून गेला. आतली टूर साधारण तासाभराची आहे, पण पायऱ्या बऱ्याच. आईला बाहेर पाण्याकाठी बसवलंस तरी तिचं काही बिघडणार नाही.

तिथून रॉयल बोटॅनिक गार्डनमधून मिसेस मॅक्वेरीज पॉइंटपर्यंत सावकाश चालत जा. ऑपेरा हाउस आणि पूल एका फोटोत येतात ते याच टोकावरून. तिथून तू पश्चिमेकडे बघत असतोस, म्हणून सकाळी ऊन ऑपेरा हाउसवर पडतं आणि संध्याकाळी त्याची काळी आकृती होते. टाइल्स दिसायला हव्या असतील तर सकाळी ये, आकाश हवं असेल तर सूर्यास्ताला. (या बागेत हिरवळीवर चालायचं आमंत्रण देणारी पाटी असे. आपल्याकडच्या पाट्यांची सवय असलेल्या माणसाला ती दोनदा वाचावी लागते.)

शुक्रवार ब्लू माउंटन्ससाठी, म्हणजे शहराच्या पश्चिमेकडच्या डोंगरांसाठी. मर्यादा निम्मी असते आणि रूळकामं बहुतेक शनिवार-रविवारची, म्हणून हाच दिवस. तरी आदल्या रात्री तिथल्या सरकारी वाहतूक खात्याच्या (ट्रान्सपोर्ट फॉर एनएसडब्ल्यू) ट्रिप प्लॅनरवर गाडी बघून घे. सेंट्रलहून कटूंबाला, या डोंगरांतल्या गावाला, दोन तास लागतात, गाडी साधारण तासाला एक, डब्यात शौचालय असतं. सकाळी सातची गाडी पकडायचं तू लिहिलं आहेस. ऑक्टोबर ते एप्रिल तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास पुढे असतं. तिथले सात म्हणजे तुमच्या शरीराचे रात्रीचे दीड. नऊच्या सुमाराची गाडी घे. पॅरामॅटा किंवा वेस्टमीड या पश्चिमेकडच्या उपनगरांत कुणा नातेवाइकांकडे उतरलात (आपली मराठी घरं त्या बाजूला बरीच आहेत), तर सेंट्रलला उलटं यायची गरज नाही, कटूंबाची गाडी पॅरामॅटाला थांबते.

कटूंबा स्टेशनबाहेर ६८६ क्रमांकाची बस मिळते, तिला ओपल चालतं. सगळी गर्दी आधी एको पॉइंटला, दरी बघायच्या कड्यावर, उतरते. तू आधी सीनिक वर्ल्डला जा. तिथली रेल्वे ५२ अंशांच्या उतारावरून दरीत उतरते. प्रवाशांच्या रेल्वेत जगात याहून तीव्र चढ नाही. तिकीट महाग आहे, पण दरीतलं जंगल गुडघे न दुखवता बघायचा तो एकच मार्ग. खाली लाकडी पायवाट आहे, तिच्यावर तासभर फिरा आणि केबलकारने वर या. मग तू आणि भाऊ कड्याच्या काठाने चालत एको पॉइंटला जा, पाऊण-एक तास लागेल. आई-बाबांना बसने पाठव. थ्री सिस्टर्स हे वाळूच्या दगडाचे तीन सुळके तिथे समोर उभे असतात, सर्वांत उंच समुद्रसपाटीपासून ९२२ मीटर. शेजारून जायंट स्टेअरवे दरीत उतरतो, आठशेच्या वर पायऱ्या. उतरताना मजा वाटते, पण त्याच पायऱ्या चढून यायची वेळ आली तर दमाल.

इथे दिवस फसतो तो धुक्याने. कटूंबा हजारेक मीटर उंचीवर आहे. शहरात लख्ख ऊन असताना वर काहीच दिसत नाही असं होतं. पावसाळ्यात लोणावळ्याच्या टायगर पॉइंटवर उभं राहून पांढरा पडदा बघतात, अगदी तसं. म्हणून हवामान सिडनीचं नव्हे, कटूंबाचं बघायचं. ढग खाली असतील तर शुक्रवार आणि रविवार यांची अदलाबदल कर, मात्र रविवारची गाडी चालू आहे याची आधी खात्री करून. वर शहरापेक्षा पाच-सात अंश थंडी धरून चाल, उन्हाळ्यातही प्रत्येकाकडे एक स्वेटर हवा.

शनिवार पाण्याचा. तुझ्या यादीत चारजणांसाठी महागडी हार्बर क्रूझ आहे, ती काढून टाक. सर्क्युलर कीवरून मॅनली या किनाऱ्यावरच्या उपनगराला जाणारी सरकारी फेरी, एफ१, त्याच पाण्यातून जाते, अर्धा तास घेते आणि शनिवारच्या मर्यादेत बसते. त्याच धक्क्यांवरून खासगी जलद बोटीही सुटतात. त्यांचं भाडं वेगळं आणि मर्यादेबाहेरचं, तेव्हा चढण्याआधी पाटी वाच. जाताना उजव्या बाजूला बस, सुटताच ऑपेरा हाउस त्याच हाताला येतं. पुढे बंदराचं तोंड जिथे समुद्राला उघडतं, तिथे काही मिनिटं बोट चांगलीच हलते. आईला बस लागते असं तू लिहिलंस. तिला खालच्या मजल्यावर मधोमध बसव, तिथे हेलकावा कमी. परतीची फेरी सूर्यास्ताच्या सुमाराची धर. सूर्यास्त डिसेंबरात आठच्या पुढेमागे आणि जूनमध्ये पाचच्या आत, एवढा फरक असतो, म्हणून ‘संध्याकाळी’ असं मोघम लिहू नकोस.

मॅनलीहून लवकर परतलात तर पूल चालून घ्या. चालायची वाट पुलाच्या पूर्वेकडे आहे, फुकट, आणि दोन्ही टोकांना लिफ्ट आहे. बहुतेक जण शहराकडून निघून अर्ध्यातून मागे फिरतात. त्यापेक्षा विनयार्डनंतरचं स्टेशन मिल्सन्स पॉइंट, तिथवर लोकलने जा आणि शहराकडे चालत या. ऑपेरा हाउस सगळा वेळ डाव्या हाताला समोर राहतं. पूल १९३२ चा, कमानीचं टोक पाण्यापासून १३४ मीटरवर. कमानीवर चढायचं तिकीट फार महाग आहे. दक्षिणेकडच्या खांबात दोनशे पायऱ्या चढून गच्चीवरून दिसतं ते बरंचसं तेच, खूप कमी पैशांत.

रविवारी बॉन्डायचा समुद्रकिनारा. सर्क्युलर कीहून ३३३ ची बस थेट जाते. किनाऱ्यावरून कूजीपर्यंतची कड्याची वाट ६ किलोमीटर, अडीच तास, सावली नावालाच आणि चढउतार पुष्कळ. आई-बाबांनी ब्रॉन्टीपर्यंत यावं, तिथून बस आहे. तुम्ही दोघं कूजीला पोचलात की रँडविककडे या, ट्राम शहरात आणते.

पोहण्याबद्दल जरा कडक लिहितो. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच पाण्यात उतरायचं. झेंडे नसतील तर उतरायचंच नाही, गुडघाभरही नाही. लाटा फुटत असताना मध्येच एक गडद, सपाट पट्टा दिसतो. आपल्या माणसाला ते शांत पाणी वाटतं आणि तो नेमका तिथे जातो. तो रिप असतो, किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथूनच जोराने परत आत जात असतं. बॉन्डायच्या दक्षिण टोकाला असा एक जवळजवळ कायमचा आहे. ओढला गेलासच तर किनाऱ्याकडे हात मारून दमू नकोस: तरंगत राहा, एक हात वर कर, लाइफगार्ड बघत असतात. भावाला हे विमानातच समजावून सांग. ऊनही तिथलं वेगळं, ढगाळ दिवशीसुद्धा भाजतं. ५० एसपीएफचं सनस्क्रीन निघण्याआधी वीस मिनिटं आणि मग दर दोन तासांनी.

खाण्याचं थोडक्यात. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटल्या विकत घेऊ नका. कॅफे दुपारी तीनच्या सुमाराला बंद व्हायला लागतात आणि रविवारी पुष्कळ ठिकाणी बिलावर जादा टक्के लावतात, म्हणून त्या दिवशीची न्याहारी खोलीवर करा. वरणभाताची आठवण झालीच तर पॅरामॅटाशेजारचं हॅरिस पार्क भारतीय खाणावळींनी भरलेलं आहे, पण जाऊन-येऊन दीड तास धर. कटूंबाहून परतताना शुक्रवारी पॅरामॅटाला उतरलात तर वाकडी वाट पडणार नाही.

चार्जरच्या पिना तिथे तिरप्या असतात, आपला प्लग बसत नाही. दोन अडॅप्टर इथूनच घे. टारोंगा झू, वॉटसन्स बे आणि तुझी उरलेली अकरा ठिकाणं मी खोडली आहेत. झूबद्दल भाऊ रडला तर मॅनली सोडून तिकडे जा, तिथेही सर्क्युलर कीवरून फेरीनेच जातात. दोन्ही एका दिवसात बसत नाहीत.

विमानाची तारीख पक्की झाली की नवी यादी पाठव, वारांसकट.

तुझा,
काका