42 किलोमीटर, आणि तेही चालत

मागच्या अंकात मी आमच्या वॉकिंग ग्रुपने पॉवर वॉक करत फुल मॅरेथॉन पूर्ण केली त्याबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या, त्यावर इतके प्रश्न आले की ह्या वेळचं सदर त्यालाच दिलंय.

प्रश्न : ताई, आमच्या कॉलनीतल्या आम्ही आठ जणी रोज सकाळी चालतो. एका मॅरेथॉनचा फॉर्म भरू म्हटलं तर घरचे म्हणे चालायचंच आहे तर त्याला पैसे कशाला भरता, मॅरेथॉन म्हणजे पळायची असते. चालून केली तर ती धरतात का? (वय 51, अमळनेर)

धरतात हो! मॅरेथॉन हे अंतराचं नाव आहे, 42.195 किलोमीटर. 1908 च्या लंडन ऑलिम्पिकला हे अंतर ठेवलं होतं आणि 1921 मध्ये तेच कायमचं ठरलं. तुम्ही पळत जा, चालत जा, थोडं पळा थोडं चाला, दिलेल्या वेळेत पोचलात की मेडल तेच मिळतं. ऑलिम्पिकमध्ये जी चालण्याची शर्यत असते ती वेगळी, तिथे एक पाय कायम जमिनीला लागलेला पाहिजे आणि पुढचा पाय टेकल्यापासून गुडघा सरळ पाहिजे असे कडक नियम असतात. पॉवर वॉकला तसलं काही नाही, फक्त भरभर चालायचं, हात कोपरात वाकवून आणि जोरात.

आणि घरच्यांना एक विचारा, मुक्ताईची पालखी आपल्या मुक्ताईनगरहून पंढरपूरला महिनाभर चालत जाते, चैत्रात गावोगावची माणसं पायी सप्तशृंगी गडावर जातात, त्यांना कधी कोणी म्हटलंय का की एसटी असताना चालता कशाला? खान्देशातल्या माणसाला लांब चालणं काही नवीन नाही, आपण फक्त छातीवर नंबर लावून चालतोय एवढाच फरक.

बाहेरचंही एक सांगते, मला ते फार आवडतं. 1996 मध्ये नीना बरो नावाच्या इंग्लंडच्या बाईंनी स्तनाच्या कॅन्सरसाठी पैसे जमवायला न्यूयॉर्क मॅरेथॉन पॉवर वॉक करत केली, सगळ्या मिळून 13 जणी होत्या. पुढे त्यांना स्वतःलाच तो आजार निघाला, तरी थांबल्या नाहीत, आणि आज लंडनमध्ये त्यांच्या संस्थेचा रात्रभर चालण्याचा मॅरेथॉन होतो, हजारो बाया असतात त्यात. सुरुवात 13 जणींनी, तुम्ही आठ आहातच.

फक्त फॉर्म भरायच्या आधी कट-ऑफ टाइम विचारून घ्या, म्हणजे किती वेळात पोचायला लागतं ते. हिशोब सोपा आहे : तासाला 6 किमीने गेलात तर फुलला 7 तासांच्या वर जातं, आणि एक किलोमीटर साडेनऊ मिनिटांत काढलात तर साधारण 6 तास 40 मिनिटं. पहिल्या वर्षी हाफच करा असं माझं स्पष्ट मत आहे, 21 किमी, दहा मिनिटाला एक किमी धरलं तरी साडेतीन तासात होतं.

प्रश्न : मावशी, मी आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यात लहान आहे आणि माझा स्पीडही जास्त आहे. बाकीच्यांसाठी सारखं थांबावं लागतं, गप्पाच जास्त होतात. एकटीने तयारी केली तर बरं नाही का? (वय 26, धुळे)

अगं, स्पीडचं तुझं म्हणणं खरंय, ते मी नाकारत नाही. आठवड्यातले दोन दिवस तू एकटी तुझ्या वेगाने चाल, एक मिनिट जोरात दोन मिनिटं हळू असं करून बघ. पण रविवारचा लाँग वॉक सगळ्यांसोबतच कर, तो तसाही हळूच करायचा असतो, बोलता आलं पाहिजे इतपत. तू ज्याला गप्पा म्हणतेस त्या गप्पांमध्येच 24-26 किमी कधी होतात कळत नाही. आम्ही जळगावच्या मेहरूण तलावापासून निघतो, थंडीत पहाटे सव्वापाचला अंधारच असतो, एकीच्या हातात बॅटरी, मग आसोद्याच्या रस्त्याने शेतं लागली की उजाडतं, कापसावर दव असतं, आणि बोलणं सुनेपासून सुरू होऊन कुठल्या कुठे जातं. परत येताना तलावापाशी मेहरूणची बोरं मिळाली तर पावशेर घ्यायची आणि उभ्या उभ्या खायची. एकटीने हे मला तरी जमलं नसतं, साखरझोपेतून उठलेच नसते, खाली कोणीतरी वाट बघत उभं आहे म्हणून माणूस उठतं.

आणि आता मॅरेथॉनच्या दिवशीचं ऐक. आम्ही सहा जणी होतो. आमच्यातली एक तुझ्याएवढीच, तिला मीच म्हटलं होतं तू जा पुढे, टाइम काढ. आम्ही पाच मागे. तिसाव्या किलोमीटरला पोचलो तर पाण्याचा स्टॉल आवरून टेम्पोत भरून गेलेला, रस्त्यावर नुसते चुरगळलेले ग्लास. पळणारे गेले म्हणजे सगळे गेले असं आयोजकांनी धरलं होतं. पावणेदहा वाजलेले, ऊन चढलेलं, आणि आमच्या 61 वर्षांच्या काकूंच्या टाचेला फोड आलेला. मी तिथे खरंच हादरले. आयोजकांचा फोन लागेना म्हणून पुढे गेलेल्या त्या पोरीला लावला आणि पुढच्या स्टॉलवाल्यांना थांबवून ठेव एवढंच म्हटलं. थोड्या वेळाने बघतो तर ती समोरून उलटी चालत येतेय, दोन्ही हातात बाटल्या आणि ओढणीसारखा कमरेला बांधलेला रुमाल, त्यात केळी. किलोमीटरभर मागे आली होती ती, म्हणजे तिचे दोन किलोमीटर जास्त झाले आणि टाइम गेला. काकूंनी पाणी प्यायलं, मी त्यांचा मोजा काढून फोडावर टेप लावली, आणि त्याच उठून म्हणाल्या, "चाल वं माय, आते थोडंसंच ऱ्हायनं." अजून बारा किमी होते गं! आम्ही सहाही जणी हात धरून 6 तास 52 मिनिटांनी आत शिरलो.

ती पोरगी ह्या वर्षीही आमच्यासोबतच चालतेय.

प्रश्न : रेल्वेतून रिटायर झालोय, शुगर आहे, गुडघे कुरकुरतात. 10 किमीच्या पॉवर वॉकला नाव देऊ का? (वय 60, भुसावळ)

भाऊ, आधी डॉक्टरांना दाखवा, लांब चालणार आहे असं सांगून त्या दिवशीचा गोळीचा किंवा इन्सुलिनचा डोस काय ठेवायचा ते त्यांनाच विचारा, कारण जास्त चालल्यावर शुगर एकदम खाली येऊ शकते. खिशात ग्लुकोज किंवा साखर पाहिजेच. पळताना पायावर शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार येतो, चालताना वजनापेक्षा थोडाच जास्त, म्हणून गुडघ्याला चालणं सोसतं. घरी आलं की तळपाय रोज उजेडात बघा, शुगरमध्ये जखम झालेली कळत नाही. बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात, आणि पुढे अंगठाभर जागा ठेवा.

प्रश्न : जोरात चाललं की नडगीच्या पुढच्या बाजूला आग होते. असं का? (शिरपूर)

बहुतेक तुम्ही लांब लांब पावलं टाकताय. वेग वाढवायचा म्हणजे पाऊल लांब नाही टाकायचं, छोटी पावलं पटपट टाकायची, टाच आधी टेकवून मागच्या पायाच्या बोटांनी जमीन ढकलायची. हात जितके भरभर हलतील तितके पाय भरभर येतात, करून बघा. आठवड्याचं अंतर हळूहळू वाढवा, दहा टक्क्यांच्या आसपास. आठ-दहा दिवसात कमी नाही झालं किंवा एकाच जागी बोट लावलं की दुखतं असं असेल तर मात्र दाखवून घ्या.

प्रश्न : आपल्याकडच्या उन्हात हे कसं जमायचं? आणि खायचं काय? (नंदुरबार)

एप्रिल-मे मध्ये लांब चालायचंच नाही, जळगाव-भुसावळला पारा 45 च्या घरात जातो तेव्हा पहाटेचे पाच किमी पुष्कळ झाले. पावसाळा सरता सरता, सप्टेंबरात सुरुवात करा, म्हणजे डिसेंबर-जानेवारीच्या इव्हेंटला सोळा आठवडे मिळतात. नुसतं पाणी ढोसू नका, घामासोबत मीठ जातं आणि वर साधंच पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम कमी होऊन चक्कर-उलटी होते, मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी नाहीतर ओआरएस ठेवा. खायला केळी, ती तर आपल्या दारातच पिकतात, तासाभराने अर्धं अर्धं. नवीन काहीही त्या दिवशी खायचं नाही आणि आदल्या रात्री तिखट शेवभाजी अजिबात नको. ती दुसऱ्या दिवशी दुपारी. आम्ही मेडल गळ्यात तसंच ठेवून भरीत आणि कळण्याची भाकरी खाल्ली होती, काकूंनी तीन.