सही कर

प्रिय पोरी,

रविवारी तू बागेतल्या भिंतीसमोर ब्रश धरून उभी होतीस नं, तेव्हा मी मागच्या बाकावरून तुला पाहून राहिले होते. चित्र तर शनिवारीच झालं होतं. पळसाचं वाकडं खोड, खाली टोपली घेऊन बसलेली बाई, आणि आभाळ निळं न करता तू फिकट पिवळट ठेवलं होतंस. मार्चात अकरा वाजता आपल्या नागपूरचं आभाळ तसंच असतं, पुष्कळदा धुतलेल्या धोतरासारखं. ते पाहून मला बरं वाटलं. मग तू ब्रश बुडवलास, उजव्या कोपऱ्यापाशी नेलास, मागे घेतलास. असं तीनदा झालं. चौथ्यांदा तू तो डब्यात खळबळून धुतलास, माझ्याकडे आलीस आणि विचारलंस, “मॅडम, सही करू का नको? सगळ्यांची मिळून भिंत आहे म्हणतात.”

मी “कर की” म्हटलं. तेवढ्यात माळ्यानं पाइप सोडला, तुझ्या शनिवार-रविवारच्या चित्रवर्गातली चिल्लीपिल्ली ओरडत धावली, आणि बोलणं तिथंच राहिलं. घरी येऊन मी कूलरची टाकी भरली, जेवले, आडवी झाले, पण झोप काही लागली नाही. इतक्या वर्षांनी तोच प्रश्न, तोच कोपरा.

सही कर. पत्र इथंच संपवायला हरकत नव्हती. पण एवढ्यानं तू करणार नाहीस हे मला ठाऊक आहे.

बागेच्या फाटकावरचा तो फ्लेक्स नीट वाचलास का? पाहुण्यांची पाच नावं, हात जोडलेल्या फोटोंसकट. रंग कोणी दिले त्यांचं नाव. मंडप आणि साउंड कोणाचा तेही, मोबाइल नंबरासह. आणि तळाशी एक ओळ, ‘महिला कलाकारांचा सहभाग’. मंडपवाल्याला नाव आहे, पोरी. तू ‘सहभाग’ आहेस. आठ जणी आठ दिवस उन्हात शिडीवर होत्या आणि आठ जणींचा मिळून एक शब्द झाला. त्या संयोजकाला मी वाईट म्हणत नाही, त्यानं बिचाऱ्यानं सावली दिली, मठ्ठा पाजला. त्याला सुचलंच नाही, एवढंच. आणि आपण सुचवत नाही.

आपल्याला लागलेली ही सवय जुनी आहे. एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षेत कागदावर नाव नाही, बैठक क्रमांक टाका. बागेतल्या चित्रकला स्पर्धेत नाव मागे लिहा, परीक्षकाला दिसता कामा नये. ते बरोबरच आहे, परीक्षा म्हटल्यावर तसंच हवं. पण पोरांची परीक्षा संपते आणि ती मोठ्या अक्षरांत सह्या ठोकायला लागतात. आपण मात्र चाळिशीतही नाव कागदाच्या मागेच लिहितो, जणू कोणी परीक्षक अजून बसलेलाच आहे. तुझ्या वर्गातल्या लेकरांनाही तू रविवारी तेच सांगत होतीस, ‘नाव मागे लिहा रे’. स्पर्धा नव्हती, काही नव्हतं. त्या लाल फ्रॉकवालीनं हत्तीच्या पोटावर स्वतःचं नाव लिहिलं होतं, ते तू खोडरबरानं पुसायला लावलंस. मला इतका राग आला की मी उठून चहा प्यायला गेले.

आता माझं ऐक.

एकतीस वर्षं मी शाळेत ड्रॉइंग शिकवलं. मस्टरवर रोज दोनदा सही केली, येताना आणि जाताना. पगारपत्रकावर दर महिन्याला महसुली तिकिटावर आडवी सही. पर्यवेक्षणाच्या तक्त्यावर, रजेच्या अर्जावर, सहलीच्या हमीपत्रावर. माझी सही शहाण्या बाईची होती, बँकेतल्या कारकुनानंही कधी परत केली नाही. आणि 1994 साली अशाच एका शनिवार-रविवारच्या उपक्रमात, दुसऱ्या एका बागेत, मी अकरा फुटांची भिंत रंगवली आणि तीवर सही केली नाही.

कळमन्याच्या बाजारातल्या बाया काढल्या होत्या मी. संत्र्यांच्या ढिगाभोवती बसून माल निवडणाऱ्या, बारीक एकीकडे, मोठा दुसरीकडे. एकीचा हात संत्र्यावर आणि नजर भलतीकडेच, बहुतेक घड्याळाकडे. तो हात मला जमला होता. मी फार चांगली चित्रकार नव्हते, हे मी आता बिनदिक्कत सांगू शकते, पण तो हात जमला होता. केशरी रंगात थोडा हिरवा घालून सावली काढली होती, कारण आपल्या संत्र्याची साल पिकल्यावरही देठापाशी हिरवी राहते. कोपऱ्यात सही करायला बसले तर एक ज्येष्ठ गृहस्थ मागे उभे. म्हणाले, “बाई, कलेत अहंकार नको.” मी ब्रश खाली ठेवला. इतकं सोपं होतं ते!

पुढच्या दिवाळीत एका कॅलेंडरवर माझी भिंत छापून आली. नोव्हेंबरचं पान. खाली बारीक अक्षरांत छायाचित्रकाराचं नाव होतं. भिंतीचा फोटो काढणाऱ्याचं! त्यानं तरी का सोडावं, त्याचं काम होतं, त्यानं नाव घातलं, त्याचं बरोबर होतं. चूक माझी होती. मी ते पान शेजारणीला दाखवलं तर ती म्हणाली, “अय्या, छान आहे, कोणाचं?” दोन पावसाळ्यांनंतर भिंतीला पोपडे आले आणि तिच्यावर पिवळी डिस्टेंपर मारली. आज मी तुला ती जागा दाखवू शकते, पण तिथं माझं काही होतं हे सिद्ध करू शकत नाही.

तू म्हणशील, एका माणसाच्या एका वाक्यानं तुम्ही कशा काय गप्प बसलात? मी स्वतःला कारणं दिली होती, तुलाही देते. अनुदानित शाळेतली नोकरी. बाहेरच्या कामाला परवानगी लागायची आणि मी ती घेतली नव्हती. भिंतीवर नाव गेलं असतं तर मुख्याध्यापकांनी बोलावलं असतं. घरी सासूबाई होत्या, दर रविवारी सून शिडीवर चढते हे त्यांना आधीच पटत नव्हतं, त्यात गावभर नाव. ही कारणं खोटी नव्हती. त्या काळी ज्या बाया नोकरी, स्वयंपाक आणि चित्र असं तिन्ही ओढत होत्या त्यांना आज कोणी भित्र्या म्हटलं तर मी भांडेन. नोकरी टिकली म्हणून घर उभं राहिलं, मुलगा शिकला, आणि आज मी फुकटचे सल्ले द्यायला मोकळी आहे. पण नाव फक्त तीन अक्षरी आहे माझं. मुख्याध्यापक काही त्या बागेत फिरायला यायचे नाहीत. मी भ्याले होते आणि त्या गृहस्थांनी मला भिण्यासाठी एक चांगला शब्द दिला, एवढंच. जाऊ दे.

ते ‘सगळ्यांची मिळून’ आहे नं, ते मला फार गोड लागत नाही. अंगणातली रांगोळी सगळ्यांची, तिच्यावर कोणी सही करत नाही, खरं आहे. ती सकाळी काढायची आणि दुसऱ्या सकाळी सड्यात धुऊन जायची, तिचा तोच धर्म. वारल्यांच्या लग्नघरात चौक, म्हणजे भिंतीवरचं लग्नाचं चित्र, लिहायच्या त्या सुवासिनी. पिढ्यान्‌पिढ्या बायांचं काम. 1970 नंतर तेच चित्र भिंतीवरून कागदावर आलं, कागद विकला जाऊ लागला, तेव्हा नाव विचारलं गेलं, आणि जगात पहिलं गाजलेलं नाव पुरुषाचं होतं, जिव्या सोमा म्हसे. 2011 ला पद्मश्री. माणूस खरंच मोठा, त्याची रेष पाहून मी तासन्‌तास बसले आहे, त्याच्याबद्दल एक शब्द वावगा काढायचा नाही. पण चौक लिहिणाऱ्या त्या बायांपैकी एकीचं तरी नाव तुला येतं का? मलाही येत नाही. तुझी भिंत सड्यात धुऊन जाणार नाही, तिचे फोटो निघणार, ती कुठल्यातरी अहवालात छापली जाणार. चित्र हिंडायला लागलं की त्याच्याबरोबर नाव जायला हवं. म्हणून सही कर.

आणि एकटीनं करू नकोस. आठही जणींना बसव. ती पुट्टी लावणारी, जिनं फक्त किनारीचे ठिपके दिले, तीसुद्धा. एकीनं केली तर पुढंपुढं करते म्हणतील, आठ जणींनी केली तर रीत पडेल. तुला मोठी भीती त्याचीच आहे, हे मला दिसतंय. बागेतल्या बायका काय म्हणतील. अगं, म्हणू दे.

आडनावाचा घोळही तू काढला होतास. डिसेंबरात लग्न, मग नाव बदलणार, मग आत्ताची सही खोटी ठरेल का! आपल्या बेल्याची चित्रकार बी. प्रभा तुला माहीत असायला हवी. नागपूरजवळचं बेला गाव, 1933 चा जन्म, आधी इथल्याच कलाशाळेत, मग मुंबईला जे. जे. मध्ये. नवरा शिल्पकार, बी. विठ्ठल. तिच्या त्या उंच मानेच्या, लांबोळक्या, गप्प बाया तू कुठंतरी छापील पाहिल्याच असशील, मासे विकणाऱ्या, वाट पाहणाऱ्या. चित्र मिळालं तर कोपरा पहा. बारक्या इंग्रजी अक्षरांत नाव आणि खाली साल. आडनाव कोणाचं, बाप की नवरा, यात ती अडकली नाही. एक सही धरली आणि तीच करत राहिली. 2001 मध्ये ती गेली, नागपुरातच. तूही एक ठरव. नुसतं पहिलं नाव लिही, आईचं नाव जोड, काय वाटेल ते कर, पण डिसेंबरची वाट पाहत बसू नकोस. आणि इन्स्टाचं ते हँडल लिहिणार असशील तर माझ्याशी बोलू नकोस. ते खातं उद्या बंद पडेल. देवनागरीत, वाचता येईल असं नाव, आणि खाली साल.

थोडं कायद्याचं सांगते, कारण माझ्या वेळी मला कोणी सांगितलं नाही. पैसे देऊन काढून घेतलेल्या चित्राचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याकडे जातो. म्हणजे भिंत तर त्यांचीच, चित्रही त्यांचं. पण ‘हे मी काढलं’ म्हणायचा हक्क जात नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 57, नीट लक्षात ठेव, साल आणि कलम दोन्ही सत्तावन. चित्र विकलं तरी तो हक्क चित्रकाराकडेच. दिल्लीच्या विज्ञान भवनात अमरनाथ सहगल यांचं ब्राँझचं प्रचंड भित्तिशिल्प होतं. 1979 मध्ये त्यांना न विचारता ते उतरवलं, गोदामात टाकलं, मोडलं. माणूस कोर्टात गेला. 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं उरलेले तुकडे त्यांना परत द्यायला लावले, वर पाच लाख भरपाई. तू काही कोर्टात जाणार नाहीस. जाऊही नकोस. पण संयोजकाकडून एका कागदावर दोन ओळी घे, की भिंतीवर चित्रकर्तींची नावं राहतील आणि भिंत पुन्हा रंगवायची झाली तर आधी कळवतील. तो देईल. चांगला माणूस आहे, फक्त विचारावं लागतं. आणि या शनिवार-रविवारच्या वर्गाचं मानधन ते ‘बघू’ म्हणत असतील तर तेही त्याच कागदावर घाल. यावर वेगळं पत्र लिहावं लागेल, आज नको.

आता कामाचं. सही अगदी खाली करू नकोस. बागेच्या भिंतीचा खालचा फूटभर भाग पाइपच्या पाण्यानं आणि जमिनीच्या ओलीनं पहिला जातो, माझ्या भिंतीचाही तिथूनच पोपडा सुटला. तळाच्या कोपऱ्यातली सही फोटो काढणारे सहज कापूनही टाकतात. पळसाच्या खोडावर कर, छातीच्या उंचीवर, सालीच्या रेघांत बसेल अशी. खोड कापून कोणी फोटो काढणार नाही. काळ्यानं करू नकोस, त्या पिवळ्या आभाळाशेजारी काळा अंगावर येईल, तोच खोडाचा तपकिरी घे, थोडा गडद कर. पोस्टर कलर नाही, बाहेरच्या भिंतीचाच इमल्शन. पोस्टर कलर पहिल्या पावसात वाहून जातो. वाळला की त्या दिवशीच्या वर्तमानपत्रासह एक फोटो काढून ठेव.

त्या लाल फ्रॉकवालीला आधी बोलाव. हत्तीच्या पोटावर तिला तिचं नाव परत लिहायला लाव.

येत्या रविवारी सव्वासहाला मी फाटकाशी असेन, ऊन चढायच्या आत उरकू. माझा जुना लायनर ब्रश आणते, तुझ्या सहा नंबरानं अक्षरं फुगतील. आधी कागदावर दहावीस वेळा करून आण. मस्टरवर तुझं नाव मी पाहिलंय, वेलांटी फार लांब ओढतेस. भिंतीवर तिथं रंग साचून ओघळेल, तेवढी आखूड घे.

तुझी,
मॅडम