‘मानवयुक्त मोहिमा’ आणि ‘सौरशक्तीचे आश्वासन’ : मराठीत कसं म्हणायचं?

प्रश्न असा आलाय. पुण्यातल्या एका शाळेतल्या ताईंना विज्ञान प्रदर्शनाच्या तक्त्यासाठी एका इंग्रजी लेखाचं मराठी करायचंय. लेख चंद्रावर माणसं पाठवण्याबद्दल आणि तिथे उन्हावर वीज करण्याबद्दल आहे, मथळ्यात ‘क्रूड मिशन्स’ (crewed, म्हणजे माणसं असलेल्या मोहिमा) आणि ‘प्रॉमिस ऑफ सोलर पॉवर’ असे शब्द आहेत. ताईंनी केलंय ‘चंद्रावरील मानवयुक्त मोहिमा आणि सौरशक्तीचे आश्वासन’. व्याकरणात चूक सापडत नाही तरी वाचताना अडखळायला होतं, ते का आणि त्याऐवजी काय लिहावं, असं त्या विचारतायत.

ताई, तुमच्या कानाला जे खटकतंय ते बरोबरच खटकतंय. आधी ‘मानवयुक्त’ घेऊ. ‘युक्त’ आपण कशाला लावतो? आयोडीनयुक्त मीठ, गंधकयुक्त पाणी, म्हणजे एका गोष्टीत दुसरी मिसळलेली असली की. माणूस यानात मिसळलेला नसतो हो, तो त्यात बसून जातो. हा शब्द ‘मानवरहित’च्या उलट काहीतरी हवं म्हणून घडवल्यासारखा वाटतो. आता मानवरहित हा शब्द रेल्वे फाटकामुळे सगळ्यांच्या ओळखीचा आहे, पण ज्या फाटकावर माणूस असतो त्याला कोणी मानवयुक्त फाटक म्हणत नाही, म्हणजे प्रत्येक ‘रहित’ला ‘युक्त’ची जोडी लागतेच असं नाही. काहीजण ‘समानव’ सुचवतात. तो नियमाने चोख आहे, सपत्नीक, सचित्र, सशस्त्र यांच्याच रांगेतला, पण छापलेला दिसला की डोळा आधी ‘समान’ वाचतो आणि मग परत मागे येतो, आणि तक्त्यासमोर उभ्या असलेल्या सहावीतल्या मुलाकडून ही कसरत कशाला करून घ्यायची.

पेपरात सगळ्यात जास्त दिसतं ते ‘मानवी मोहीम’. त्यावर आक्षेप असा घेतात की मानवी म्हणजे माणसाचं किंवा माणसाने केलेलं, मानवी चूक, मानवी हक्क वगैरे, मग चांद्रयान-३ पण माणसांनीच पाठवलं होतं, ती मोहीम अमानवी होती का? आक्षेप खरा आहे, तरी मी ‘मानवी’ बाद करणार नाही, कारण गगनयानाच्या बातम्यांमुळे ‘मानवी अंतराळ मोहीम’ म्हणजे आत माणूस बसलेला हा अर्थ आता चांगला रुळलाय. फक्त तो मथळ्यापुरता ठेवा. खाली मजकुरात सरळ ‘माणसं जाणार’, ‘अंतराळवीर जाऊन आले’ असं लिहा. इंग्रजी नामं रचत जातं, मराठीला क्रियापद दिलं की ती आपोआप चालायला लागते.

‘चंद्रावरील’ हा शब्द मात्र बदलाच, कारण तिथे माहितीच चुकते. ‘वर’ म्हटलं की उतरणं आलं. अमेरिकेच्या अपोलो ८ यानातले तिघं डिसेंबर १९६८ मध्ये चंद्राभोवती १० फेऱ्या मारून परत आले, उतरले नाहीत. अपोलोच्या काळात एकूण २४ जण चंद्रापर्यंत गेले आणि त्यातले १२ जणच त्याच्यावर चालले. ‘चांद्रमोहीम’ म्हटलं की दोन्ही प्रकार त्यात मावतात. चांद्र हे विशेषण चांद्रमास, चांद्रवर्ष यातून आपल्या घरचंच आहे. चंद्रमोहीम असं लिहिलं तरी चुकीचं नाही, मला स्वतःला चांद्रमोहीम आवडतो.

आता ‘आश्वासन’. आश्वासन द्यायला कोणीतरी देणारा लागतो, आणि सूर्याने तर कोणाला काही कबूल केलेलं नाही. इंग्रजीत इथे त्या शब्दाचा अर्थ, पुढे यातून चांगलं काही निघेल अशी लक्षणं दिसतायत, एवढाच आहे. माणसाबद्दल असतं तर आपण ‘होतकरू’ म्हटलं असतं. तंत्राबद्दल म्हणायचं तर आशा, भरवसा किंवा वाव, आणि या तिघांतला कोणता घ्यायचा हे शब्दकोशात बघून नाही ठरणार, ते चंद्रावर ऊन कसं पडतं त्यावर ठरेल.

चंद्रावर हवा नाही, ढग नाहीत, धूसरपणा नाही, त्यामुळे उन्हाकडे तोंड केलेल्या प्रत्येक चौरस मीटरवर साधारण १३६० वॅट येतात आणि मध्ये अडवायला काही नसतं. पण दिवस लांबलचक आणि रात्रही तेवढीच. इथे एक पंचांगातला शब्द फार उपयोगी पडतो. ‘चांद्रदिवस म्हणजे १४ दिवस’ असं चांद्रयान-३ च्या वेळी जागोजागी छापून आलं आणि पुष्कळांचा गोंधळ झाला, कारण चंद्रावर एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत आपले साधारण साडेएकोणतीस दिवस जातात. त्याला आपल्याकडे ‘अहोरात्र’ हा शब्द आहेच, आणि त्यातला उजेडाचा काळ म्हणजे ‘दिनमान’. पुण्याचं दिनमान वर्षभरात साधारण ११ ते १३ तासांच्या मध्ये फिरतं, चंद्रावरचं दिनमान आपल्या जवळजवळ १५ दिवसांचं, असं लिहा, मुलांना एका वाक्यात कळेल.

चांद्रयान-३ चा विक्रम लँडर २३ ऑगस्ट २०२३ ला उतरला तो तिथलं दिनमान सुरू होताना, आणि ४ सप्टेंबरला, रात्र पडायच्या आत, त्याला झोपवलं. २२ सप्टेंबरपासून हाका मारून पाहिल्या, पण ना विक्रम उठला ना त्याच्यातून उतरलेली प्रज्ञान ही छोटी गाडी. सौर पॅनेल होती, रात्र मात्र काढता आली नाही. म्हणून ‘भरवसा’ नको. पण नुसती ‘आशा’ म्हटलं तर तेही हातचं राखून बोलल्यासारखं होईल, कारण ध्रुवांपाशी परिस्थिती वेगळी आहे. चंद्राचा अक्ष जेमतेम दीड अंश कललेला, त्यामुळे ध्रुवाजवळ सूर्य क्षितिजालगतच फिरत राहतो, आणि दक्षिण ध्रुवापाशी असलेल्या शॅकलटन विवराच्या काठासारख्या उंच जागांवर वर्षातला बराचसा काळ ऊन असतं. तिथे पॅनेल आपल्या गच्चीवरच्यासारखी थोडीशी तिरकी लावून भागणार नाही, भिंतीसारखी उभी करून सूर्याच्या मागे फिरवायला लागतील. आणि त्याच विवरांच्या तळाला कधीच ऊन पोचत नाही, तिथल्या गारठ्यात पाण्याचा बर्फ टिकून आहे. वर वीज, खाली बर्फ, त्या विजेने पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे करायचे, श्वासाला ऑक्सिजन आणि इंधनाला दोन्ही. माणसांना दक्षिण ध्रुवाजवळ उतरवायचं चाललंय ते यासाठीच, आणि म्हणूनच ‘वाव’ हा शब्द इथे चपखल बसतो. जागा बघून मिळणारी गोष्ट आहे ती.

राहिला ‘पॉवर’. शाळेच्या पुस्तकात ऊर्जा वेगळी आणि शक्ती वेगळी, शक्ती वॅटमध्ये मोजायची, त्या हिशोबाने तुमचं भाषांतर अगदी काटेकोर आहे. पण भौतिकशास्त्राच्या तासाबाहेर शक्ती म्हणजे अंगातली ताकद नाहीतर देवी. सगळीकडे रुळलाय तो ‘सौरऊर्जा’, पुण्यातच मुख्य कार्यालय असलेल्या सरकारी संस्थेचं नावसुद्धा महाऊर्जा आहे. तरी मी ‘सौरवीज’ म्हणेन. पुण्यात गच्चीवर सोलर म्हणजे कितीतरी वर्षं फक्त पाणी तापवायचा सोलर बंब होता, पॅनेल नंतर आली, आणि आता कोणी ‘आम्ही सोलर बसवला’ म्हटलं की समोरचा विचारतोच, पाण्याचा का लाइटचा? सौरऊर्जा या शब्दात दोन्ही येतात, तुमच्या लेखात फक्त लाइटचा आहे. माणसांना चंद्राकडे नेण्यासाठी नासाने केलेल्या ओरायन यानाला सौर पॅनेलचे चार पंख आहेत, त्यांच्यावरून साधारण ११ किलोवॅट मिळतात, ती सगळी सौरवीज. अपोलोच्या यानांना असले पंख नव्हते, मुख्य यानात हायड्रोजन आणि ऑक्सिजनवर चालणारे फ्युएल सेल होते आणि त्यातून निघालेलं पाणी अंतराळवीर पीतसुद्धा होते. उतरायचं यान बॅटरीवर. अपोलोचे अंतराळवीर सहा वेळा चंद्रावर उतरले, सहाही वेळा तिथल्या सकाळी, आणि तीनेक दिवसांच्या आतबाहेर निघाले, त्यामुळे चंद्रावरची रात्र काढायची वेळच आली नाही. रात्रीचा प्रश्न आता मुक्काम वाढणार म्हणून आलाय.

तर मथळा असा करा : ‘माणूस पुन्हा चंद्राकडे : तिथे सौरविजेला किती वाव?’ एकाच ओळीत हवा असेल तर ‘मानवी चांद्रमोहिमा आणि सौरविजेला असलेला वाव’. वीज लिहिताना वी दीर्घ, पण विजेला, विजेचा मध्ये वि ऱ्हस्व, तक्ता रंगवणाऱ्या मुलांना आधीच सांगून ठेवा. आणि लेखात अपोलो ११ ने ठेवलेल्या सौरविजेवरच्या कंपमापकाचा उल्लेख आला तर त्याला भूकंपमापक म्हणू नका, भू म्हणजे पृथ्वी, तिथे होतात ते चांद्रकंप.