लांबच्या नेमाची रायफल
अरे बाबू, न्यूझीलंडात 300 मीटरवरून लाल हरीण टिपायला कुठली रायफल घेऊ, असं विचारतोस ना? तिथे त्या शिकारीला परवाना मिळतो. इथे देवगडात वन्यजीव कायद्याने तो विषयच बंद. तेव्हा आपल्या ठासणीच्या बंदुकीचा हिशेब तिथे लावू नकोस. मॅग्नमच्या, म्हणजे जास्त दारूच्या जोरकस काडतुसाच्या, नादी तर मुळीच लागू नकोस. एकदा खांद्याला दणका बसला की पुढच्या बाराला डोळे आपोआप मिटतात, गेला नेम! .308 किंवा 6.5 क्रीडमूर या काडतुसांची रायफल बघ. 6.5 ची गोळी बारीक, लांबट. वारा तिला कमी ढकलतो, धक्काही सौम्य. .308 ची काडतुसं मात्र सहज मिळतात. रायफलीवरच्या नेमाच्या दुर्बिणीत काटकसर नको. आणि 300 मीटर म्हणतोस? आधी 100 मीटरवर पाच गोळ्या आंब्याएवढ्या नाही, सुपारीएवढ्या जागेत बसव, मग बोलू.