ब्रिटनमधील तुमच्या आवडत्या एल कोणत्या, आणि तशी बिअर घरी करता येते का?

लीड्सला शिकायला आल्यापासून पबमधली एल (उबदार तापमानाला आंबवलेली पारंपरिक ब्रिटिश बिअर) आवडू लागली, पण सुपरमार्केटमधून आणलेल्या त्याच नावाच्या बाटलीत ती चव सापडत नाही, असे तुम्ही प्रश्नाच्या तपशिलात लिहिले आहे. ही तक्रार रास्त आहे.

मी यॉर्कशायरमध्ये राहत असल्यामुळे माझे झुकते माप इथल्या एलला आहे, हे आधीच सांगून टाकतो. पहिला मान कीथली येथील टिमथी टेलर कंपनीच्या 'लँडलॉर्ड'चा. पिंपातल्या लँडलॉर्डमध्ये अल्कोहोल 4.3 टक्के असते. माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) गोल्डन प्रॉमिस या जातीच्या बार्लीचे, आणि त्यावर स्टिरियन गोल्डिंग्ज जातीच्या हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या वेलीच्या फुलांचा) संत्र्याच्या सालीसारखा मंद वास. पहिल्या घोटाला ती साधी वाटते, पण अर्धा ग्लास होईपर्यंत मागून येणारा कडवटपणा जिभेवर रेंगाळू लागतो. तिच्या खालोखाल मी दक्षिणेतील लुइस गावच्या हार्वीज ब्रुअरीची 'ससेक्स बेस्ट' धरतो. ती 4 टक्क्यांची, तांबूस रंगाची आणि माल्टचा गोडवा थोडा पुढे असलेली आहे. (तिचे यीस्ट मूळचे यॉर्कशायरमधील टॅडकॅस्टरचे, त्यामुळे माझा पक्षपात इथेही सुटलेला नाही.) लंडनच्या चिझिक भागातील फुलर्सची 'ईएसबी' (एक्स्ट्रा स्पेशल बिटर) पिंपातून 5.5 टक्क्यांची मिळते. ती भरदार आहे, पण एका बैठकीला एकच पुरे. मॅसम गावच्या थीकस्टनची 'ओल्ड पेक्युलियर' कडाक्याच्या हिवाळ्यासाठी राखून ठेवावी.

आता बाटलीविषयी. पबमधली खरी एल ब्रुअरीतून निघते तेव्हा तिच्यातले यीस्ट जिवंत असते. पबच्या तळघरात पिंप आडवे ठेवून तिला निवळू देतात, साका तळाशी बसतो, उरलेसुरले किण्वन (आंबण्याची क्रिया) पिंपातच पुरे होते आणि त्यातून निघालेला वायूच तिला हलकासा तजेला देतो. मग साधारण 11 ते 13 अंश तापमानाला ती हातपंपाने ग्लासात ओढली जाते. प्रत्येक ग्लासागणिक पिंपात बाहेरची हवा शिरत असल्यामुळे एकदा उघडलेले पिंप तीनेक दिवसांत संपवावे लागते; म्हणून ज्या पबमध्ये गिऱ्हाईक कमी आणि हातपंप भाराभर, तिथे एल मागवू नये. याउलट बाटलीतली बहुतेक बिअर गाळलेली, पाश्चरीकरण केलेली आणि वरून वायू भरलेली असते. कित्येकदा मूळ बिअरही तीच नसते: फुलर्सची 'लंडन प्राइड' पिंपात 4.1 टक्क्यांची, तर बाटलीत 4.7 टक्क्यांची आहे. बाटली पारदर्शक काचेची असेल तर उजेडाने हॉप्समधले घटक बिघडून उग्र दर्प येतो, तो वेगळाच.

म्हणूनच घरी केलेली एल, ती नवशिक्याची असली तरी, दुकानातल्या बाटलीपेक्षा पबमधल्या एलच्या अधिक जवळ जाते असे माझे ठाम मत आहे. तीही न गाळलेली आणि जिवंत यीस्टची असते. शिवाय लागरला (थंड तापमानाला आंबवलेल्या बिअरला) आठवडेच्या आठवडे थंडीत मुरवावे लागते, तर साधी बिटर (हॉप्सचा कडवटपणा असलेली इंग्लिश एल) खोलीच्या तापमानाला होते आणि महिन्याभरात पिण्याजोगी होते.

सुरुवात बिटरनेच करा. 23 लिटरसाठी (म्हणजे सुमारे 40 पाइंट) 3.8 किलो मॅरिस ऑटर या जातीच्या बार्लीचे माल्ट आणि 200 ग्रॅम क्रिस्टल माल्ट (रंग आणि कॅरमलसारखा गोडवा देणारे), दोन्ही भरडलेले, पाण्यात असे भिजवावे की मिश्रण तासभर 66-67 अंशांवर राहील. या तासाभरात पिष्टाची साखर होते. तापमान चढले तर न आंबणारी साखर जास्त राहून बिअर जड होते, उतरले तर ती कोरडी आणि पातळ लागते. मग गोड रस निथळून घ्यावा, उरलेला चोथा गरम पाण्याने धुऊन तेही पाणी त्यात मिळवावे आणि सगळे तासभर खळखळून उकळावे. उकळी येताच 50 ग्रॅम ईस्ट केंट गोल्डिंग्ज हॉप्स कडवटपणासाठी, आणि शेवटच्या दहा मिनिटांत आणखी 25 ग्रॅम वासासाठी. 20 अंशांपर्यंत झटपट थंड करून कोरड्या इंग्लिश एल यीस्टचे एक पाकीट टाकावे. हायड्रोमीटरवर (द्रवाची घनता मोजणाऱ्या उपकरणावर) सुरुवातीला 1.040 आणि शेवटी 1.010 दिसले तर बिअर जवळपास 4 टक्क्यांची झाली असे समजावे.

फेस चार-पाच दिवसांत बसतो, पण लगेच बाटल्या भरण्याचा मोह टाळा. किण्वनाच्या सुरुवातीला तयार झालेला लोण्यासारखा स्वाद यीस्टच नंतर शोषून घेते, त्याला तो अवधी मिळायला हवा. हायड्रोमीटरचा आकडा लागोपाठ दोन दिवस तोच राहिल्याशिवाय भरलेली बाटली फुटूही शकते. भरताना लिटरमागे 3 ग्रॅमच साखर घाला. घरगुती बिअरच्या तयार किटवरच्या सूचना बहुधा यापेक्षा जास्त सांगतात, आणि मग लागरसारखी फसफसणारी एल पदरात पडते.

पाण्याकडे मात्र बहुतेक जण दुर्लक्ष करतात. बर्टन-अपॉन-ट्रेंट हे गाव फिकट एलसाठी गाजले ते तिथल्या विहिरींच्या जिप्समयुक्त (कॅल्शियम सल्फेट असलेल्या) पाण्यामुळे, कारण त्यातल्या सल्फेटमुळे हॉप्सचा कडवटपणा स्वच्छ उमटतो. एकोणिसाव्या शतकात मुंबई-कलकत्त्याला जहाजाने जाणाऱ्या या फिकट एलच्या (पेल एलच्या) व्यापारात बर्टनच्या ब्रुअऱ्यांनी लंडनच्या हॉजसन ब्रुअरीला मागे टाकले, त्यामागे हे पाणीही होते. लीड्सचे नळाचे पाणी मृदू आहे, तेव्हा त्यात चमचाभर जिप्सम घाला आणि क्लोरीन घालवण्यासाठी अर्धी कॅम्पडेन गोळी (सल्फाइटची गोळी) विरघळवा.

पुण्याला परतल्यावर हाच उद्योग करता येईल का, या तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे. ब्रिटनमध्ये 1963 च्या अर्थसंकल्पात तत्कालीन अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी घरगुती बिअरसाठीच्या परवान्याची अट काढून टाकली, त्यामुळे स्वतःपुरती बिअर तुम्ही खुशाल करू शकता. फक्त ती विकता येत नाही. महाराष्ट्रात मात्र 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार विनापरवाना बिअर बनवणे हा गुन्हा आहे, मग ती एकट्यापुरती का असेना. तेव्हा जे काही शिकायचे ते लीड्सला असेपर्यंत शिकून घ्या.