८८ टक्के आहेत, पण व्हर्नियर वाचता येत नाही

नमस्कार,

हातकणंगले तालुक्यातून लिहिलेलं तुमचं पत्र मिळालं. मुलाने २०१९ साली मेकॅनिकल डिप्लोमाला प्रवेश घेतला, २०२२ मध्ये ८८ टक्क्यांनी पास झाला. शिरोली एमआयडीसीत मुलाखतीला गेला तेव्हा समोरच्याने हातात व्हर्नियर (सुट्या भागाचं बारीक माप घ्यायची सरकती पट्टी) दिला आणि त्याला तो वाचता आला नाही. नंतर घरबसल्या डेटा एंट्रीची नोकरी धरली, तीही सुटली. आता त्याला ८५ हजार भरून डेटा अ‍ॅनालिटिक्सचा कोर्स करायचाय आणि तुमचं म्हणणं, त्यापेक्षा घरची दीड एकर बघावी. कोरोना बॅचवर कायमचा शिक्का बसला का, असंही विचारलंय.

शिक्का बसला असता तर कंपनीने मुलाखतीला बोलावलंच नसतं. अडलंय ते हाताच्या सवयीपाशी. मार्च २०२० मध्ये त्याचं दुसरं सेमिस्टर अर्ध्यावर तुटलं, दुसरं वर्ष मोबाईलवर गेलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये कॉलेजं उघडली, तोवर जानेवारीत ओमायक्रॉनमुळे पुन्हा बंद. लेथवर उभं राहायचे, फायलिंग (कानशीने घासणं) करून तळहाताला फोड यायचे दिवस नेमके हेच. मुलाने टक्के काही चोरलेले नाहीत. फक्त त्या टक्क्यांमागे जे काम असायला हवं, ते त्याच्याकडून कुणी करून घेतलं नाही.

व्हर्नियरचंच बघा. मुख्य पट्टीवर २४ मिमी, सरकत्या पट्टीची अठरावी रेघ जुळली, लीस्ट काउंट (एका रेघेमागे धरायचं माप) ०.०२ मिमी, म्हणजे माप २४.३६. एवढं गणित त्याला झोपेतही येईल. पण जॉबवरचा (मशीनवर बनलेल्या भागावरचा) बर, म्हणजे कडेला राहिलेली धातूची कुस, काढून, पुसून मगच माप घ्यायचं, जबडे किती दाबायचे, तिरका धरला की व्हर्नियर जास्त दाखवतो, हे हाताला कळावं लागतं. (आज बऱ्याच कारखान्यांत डिजिटल व्हर्नियर असतो. मुलाखतीत मात्र मुद्दाम साधाच देतात!) ओळखीच्या वर्कशॉपमध्ये रोज तासभर बसला तर पंधरा-वीस दिवसांत हात बसेल. त्यासाठी ८५ हजार लागत नाहीत.

कारखानेही २०२० नंतर बदललेत. लॉकडाऊनमध्ये परप्रांतीय कामगार गावी गेले, तेव्हा ज्या मालकांकडे ऑपरेटर वेगळा, सेटर (मशीन लावून देणारा) वेगळा, इन्स्पेक्टर वेगळा होता, त्यांनी आहे त्या माणसांवर भागवलं. माणसं परतली, पण लहान युनिटांत ती सवय राहिली. आता त्यांना असा मुलगा हवा असतो जो व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या कटिंग मशीनवर) जॉब लावेल, ऑफसेट (मशीनमध्ये भरलेली हत्याराच्या मापाची दुरुस्ती) बदलेल, माप घेईल आणि संध्याकाळी रिजेक्शन (नापास झालेले भाग) किती व कशामुळे, हे एक्सेलमध्ये भरून ठेवेल. डेटा एंट्रीत बसलेला तुमच्या मुलाचा हात तिथे कामी येईल. मुलाखतीत त्याने ती नोकरी लपवू नये.

आता कोर्सबद्दल. महामारीत सगळं जग ऑनलाइन गेलं तेव्हा आयटीत भरतीचा पूर आला होता. एकट्या इन्फोसिसने २०२१-२२ मध्ये सुमारे ८५ हजार फ्रेशर्स घेतले. २०२३-२४ मध्ये तो आकडा १२ हजारांच्या आत आला. टीसीएसने ऑक्टोबर २०२३ पासून लोकांना आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसात बोलावलं. कोर्सवाल्यांच्या जाहिराती मात्र अजून २०२१ मध्येच अडकल्यात. विषय वाईट नाही, पण कर्ज काढून आत्ता नको. एक-दोन वर्षं शॉप फ्लोअरवर, म्हणजे कारखान्यात मशीनपाशी, काढल्यावर शिकला तर कुठल्या आकड्यातून काय विचारायचं, हे त्याला कळेल.

तुमच्या शेतीच्या पर्यायाबद्दल स्पष्टच लिहितो, राग मानू नका. सरकारी श्रमबल सर्वेक्षणानुसार देशातल्या कामकऱ्यांत शेतीचा वाटा २०१८-१९ मध्ये ४२.५ टक्के होता, २०२०-२१ मध्ये तो ४६.५ टक्क्यांवर गेला. शेतीत नवी कामं निघाली म्हणून नव्हे. शहरात काम उरलं नाही म्हणून माणसं परतली आणि त्याच रानात चार हात वाढले. दीड एकरात तुम्ही दोघं राबता तेवढं पुरेसं आहे. सुगीला त्याने यावं, बाकी वर्षभर नको.

मग करायचं काय? शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले पंचतारांकित, तिन्ही औद्योगिक वसाहती हाताशी आहेत. मोठ्या कंपनीच्या गेटवर बायोडाटा देऊन घरी येण्यापेक्षा वीस-पंचवीस माणसांच्या मशीन शॉपमध्ये मालकाला थेट भेटायला सांगा. "प्रॅक्टिकल कमी झालंय, सहा महिने ट्रेनी म्हणून ठेवा," असं सरळ म्हणावं. पगार कमी मिळेल, सेकंड शिफ्टही करावी लागेल. सोबत अ‍ॅप्रेंटिसशिपची चौकशी करा. पास होऊन किती वर्षं झाली याची अट आधी वाचा. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये आली, तेव्हा डिप्लोमावाल्याला महिना ८ हजार विद्यावेतन ठरलं होतं. आता अर्ज घेतायत का, ते जिल्ह्याच्या कौशल्य विकास व रोजगार केंद्रात विचारा. त्यानंतर नोकरी मिळेलच, हे मात्र गृहीत धरू नका.

कोर्सचा पहिला हप्ता भरला असेल तर पावतीवर रिफंडची मुदत बघा, आणि मुलाच्या नावावर फायनान्स कंपनीचं कर्ज टाकलंय का, तेही तपासा. फी हप्त्यांत, असं तोंडी सांगून बऱ्याचदा तेच केलेलं असतं.