नुरा नाही भाऊ, जोड हलकी

प्रश्न असा आला की बॉक्सिंगचे चॅम्पियन लोक तगडा गडी समोर उभा असताना त्याला सोडून एखादा सोपा पण भरपूर पैसा आणणारा गडी निवडतात, फॅन लोक चिडतात, तर याला मराठीत नेमकं काय म्हणायचं, 'नुरा कुस्ती' चालेल का.

नाही चालत. नुरा म्हणजे कोण पडणार हे दोघांनी आधीच ठरवायचं आणि आत येऊन नुसते शड्डू ठोकायचे. आपल्याकडे हा शब्द आता कुस्तीपेक्षा राजकारणाच्या बातम्यांतच जास्त दिसतो, पण अर्थ तोच. बॉक्सिंगवाल्यांची तक्रार वेगळी आहे. ठोसे खरेच बसतात, खोट असते ती त्याच्या आधी. २८ ऑक्टोबर २०२३ ला रियाधमध्ये हेवीवेट चॅम्पियन टायसन फ्युरी फ्रान्सिस एनगानूशी खेळला तेच बघ ना. एनगानू यूएफसीचा, म्हणजे लाथा, ठोसे, कुस्ती सगळं चालतं त्या मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या स्पर्धेचा, माजी हेवीवेट चॅम्पियन खरा, पण प्रोफेशनल बॉक्सिंगची ही त्याची पहिलीच लढत, तिकडे त्याच वजनातला दुसरा चॅम्पियन उसिक तीन पट्टे घेऊन वाट पाहत बसलेला, आणि फ्युरीचा स्वतःचा पट्टा या लढतीत डावावर नव्हताच. म्हणजे पैसा फुल्ल आणि टेन्शन काहीच नाही असा हिशोब. आणि तिसऱ्या राउंडला त्या नवख्यानं फ्युरीला आडवं केलं की! शेवटी तीन जजपैकी दोघांनी फ्युरीला दिलं म्हणून वाचला. आता याला नुरा कसं म्हणशील?

शब्द पाहिजे तो आपल्याच आखाड्यात पडलेला आहे: जोड, म्हणजे कोणासमोर कोणता गडी लावायचा ती जुळणी. आमच्या दर्यापूर साईडला जत्रेत आमदंगल, म्हणजे कुस्त्यांचा खुला फड, असते तिथे जो गेला त्याला सांगावं लागत नाही. आधी बारक्या पोट्ट्यांच्या कुस्त्या, मग इनाम वाढत जातं, आणि प्रत्येक कुस्तीच्या आधी पंच दोघांना शेजारी उभं करून खांदे बघतात, उंची बघतात, जुने लोकं तर आधी कान बघतात, मोडलेला असला म्हणजे गडी मुरलेला. मग कोणी म्हणतं बसली जोड, कोणी म्हणतं नाई बसत.

एका वर्षी तालुक्यातला नावाजलेला पैलवान आला, हौद्यात दोन चकरा मारल्या, त्याच्या तोडीचे दोन गडी लंगोट कसून बसलेले, आणि यानं बोट दाखवलं ते एका कोवळ्या पोट्ट्याकडे ज्याचे कान अजून पापडासारखे सरळ होते. मागून एक बुढा ओरडला, "पऱ्हाटी उपटाले जेसीबी आनला कावो!" सगळी दंगल हसली. पंच म्हणे जोड नाई बसत, पैलवान म्हणे मंग मी चाललो, तर इनामाचे पैसे ज्यानं लावले होते तोच उठून म्हणे, जाऊ नोको बाप्पा, लोकं तुलेच पाहाले आले. लागली कुस्ती. मिनिटभरात संपली पण.

तर पहिला शब्दप्रयोग 'हलकी जोड घेणे'. दुसरा 'जोड चुकवणे', आणि हे दोन एक नाहीत. हलकी जोड घेणारा लढतो तरी, चुकवणारा समोरच येत नाही. हेवीवेट चॅम्पियन रिडिक बो यानं डिसेंबर १९९२ मध्ये तगड्या लेनक्स लुईसशी खेळण्यापेक्षा डब्ल्यूबीसी या बॉक्सिंग संघटनेचा पट्टाच कचऱ्याच्या डब्यात टाकला, फोटोवाल्यांसमोर. ती चुकवलेली जोड. फक्त विदर्भात लिहिताना एक सांभाळ. मराठीत तोंड चुकवणं, कर चुकवणं म्हणजे टाळणं, पण आपल्याकडे हिंदीचा शेजार असल्यामुळे कोणी 'उधारी चुकवली' म्हटलं तर फेडली की बुडवली हे त्याच्या चेहऱ्यावरूनच समजून घ्यावं लागतं (आमच्या किराणावाल्याला यावरून एकदा भलतंच टेन्शन आलं होतं). जोडीच्या बाबतीत मात्र घोळ होत नाही.

राहिला पैशाचा भाग. त्यासाठी 'गल्लाभरू' इतका तयार शब्द असताना बाहेर कशाला शोधायचं, पिक्चरला आपण म्हणतोच. ऑगस्ट २०१७ ला बॉक्सर मेवेदर लास वेगासला यूएफसीवाल्या कॉनर मॅकग्रेगरशी खेळला, मॅकग्रेगरचीही ती पहिलीच प्रोफेशनल बॉक्सिंग लढत, दहाव्या राउंडला थांबवली आणि मेवेदरचे पन्नासपैकी पन्नास झाले. गल्लाभरू लढत म्हणजे हीच. पण हे विशेषण लढतीला लाव, माणसाला नको, 'गल्लाभरू चॅम्पियन' माझ्या तरी कानाला खटकतं.

'लिंबूटिंबू' बद्दल पण विचारलं होतं. तो शब्द जपून. लिंबूटिंबू म्हणजे खेळात घेतलेलं बारकं पोर, ज्याचं आउट धरत नाहीत. सप्टेंबर २०२३ ला १६८ पाउंडाचा चॅम्पियन कनेलोनं त्याच वजनातल्या तगड्या डेव्हिड बेनाविडेझला बाजूला ठेवून जर्मेल चार्लोला घेतलं तेव्हा बरेच जण चार्लोला असंच काहीबाही म्हणत होते. अरे, तो १५४ पाउंडात चारही मोठ्या संघटनांचे पट्टे जिंकलेला माणूस! फक्त त्याला १६८ च्या गटात यावं लागलं, म्हणजे सव्वासहा किलोच्या वर फरक. गडी हलका नव्हता, जोड हलकी होती. हा फरक 'जोड' शब्दात जमतो, लिंबूटिंबूत जमत नाही, म्हणून माझं मत जोडीला.

तसं 'बेजोड' म्हणजे ज्याला जोड नाही तो, आणि पोस्टरवर यांच्या नावापुढे असंच काहीतरी छापतात. जोड घेतलीच नाही तर माणूस बेजोड राहणारच न बाप्पा.

हेडिंगसाठी 'चॅम्पियनची पुन्हा हलकी जोड' बिनधास्त लिही. बुढ्याचं जेसीबीवालं मी त्यानंतर चार-पाच ठिकाणी वापरून पाहिलं, पुण्याच्या एका दोस्ताला तेवढं पऱ्हाटी म्हणजे कपाशीचं झाड असं सांगावं लागलं, मग तो पण हसला.